जनीच्या कोंडीचं पाणी

बंगळूर,
७ डिसेंबर १९८६

प्रिय शालूताई,

पत्र लांबलं, रागावू नकोस. प्रयोगशाळेतून खोलीवर आले की पेन धरायचं त्राण उरत नाही. दिवाळीच्या करंज्या पोचल्या. अर्ध्या मोडल्या होत्या, तरी इथल्या मुलींनी डबा चाटूनपुसून खाल्ला.

आज एक काम सांगायला लिहिते आहे. ते करायचं तुझ्या मनात नसेल तर नाही म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा प्रबंधाचा विषय आता ठरला. उन्हावर जगणारे काही सूक्ष्म जीव असतात. झाडासारखेच, पण झाडाच्या कितीतरी आधीचे. रंगानं जांभळे-लाल. ऊन पकडायला त्यांच्या अंगात प्रथिनांचा एक जुडगा असतो. गेल्या वर्षी जर्मनीतल्या लोकांनी अशा एका जीवातल्या जुडग्याचं अगदी अणूअणूपर्यंत चित्र काढलं, आणि आमच्याकडे सगळे त्याच्यामागे लागले. माझे सर म्हणतात, खाऱ्या पाण्यात राहणारा जीव मिळाला तर त्याचा जुडगा मिठात कसा टिकतो ते कुणीच नीट पाहिलेलं नाही. असा जीव कुठं मिळेल म्हणून सगळे पुस्तकं चाळत होते. मी गप्प बसले होते. मला ठाऊक होतं कुठं मिळेल.

ताई, मला आपल्याकडच्या जुन्या मिठागराच्या कोंडीतलं पाणी हवंय. थोडा तळाचा गाळ आणि बाटलीभर पाणी.

आईच्या नावानं तिला गावात जनीची कोंडी म्हणतात हे मी विसरलेले नाही. आई उघाडीपाशी, बांधातल्या त्या फळीच्या दारापाशी, पाण्यात उतरली ती वर आली नाही, आणि पुढच्या दिवाळीला पाणी लाल झालं, एवढंच मला सांगितलेलं आहे. मी दोन वर्षांची होते, तू नऊ. मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. म्हणूनच कदाचित मी हे मागू शकते.

बाटली गच्च भर, वर हवा राहू देऊ नकोस. माझ्या मैत्रिणीचा भाऊ पाच जानेवारीला मुंबईहून उद्यान एक्सप्रेसनं इकडे येतोय. भावजींना म्हणावं, कल्याणला त्याच्या हातात द्या.

तुझी,
सुमे

*

कोपरी, ठाणे पूर्व
३ जानेवारी १९८७

चि. सुमेस,

पाणी भरलं. हॉर्लिक्सच्या दोन बाटल्या, झाकणाला मेण लावून. हे परवा कल्याणला नेऊन देतील. त्यांना सांगितलं की कॉलेजचं काम आहे. ते म्हणाले, मीठ-पाण्यावर डिग्री देतात होय, मग सगळ्या कोपरीला डॉक्टर करा.

बाबांना सांगितलं नाही. दुपारी ते जरा कलंडले तेव्हा गेलेले. इतक्या वर्षांत मी त्या बांधावर चढलेले नव्हते. लांबच्या टोकाला बसून भरणार होते, पण तिथं पाणी उथळ, रंग फिका. गडद रंग उघाडीपाशीच आहे. शेवटी तिथंच बसले. वास तुला आठवत असेल, सडक्या अंड्यासारखा. गाळ वरून काळा, आणि खाली बोट घातलं तर जांभूळ चिरडल्यासारखा. पाण्यात हात घातला तर पाणी कोमट. जानेवारीत, अगं. मला असं वाटलं की माझा हात कुणी धरला नाही, पण सोडलाही नाही. दुसरं कसं सांगू.

शेजारच्या भीमाबाईनं बघितलं. ती खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत जळण वेचत होती. संध्याकाळी घरी येऊन माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवून गेली.

बाबा ठीक आहेत. जेवतात वेळेवर. काळजी करू नकोस.

ताई

*

बंगळूर,
२२ मार्च १९८७

प्रिय ताई,

तुझ्या बाटल्यांनी माझं नशीब उघडलं. तोच जीव आहे, मिठातला. तुझ्या गाळातून काढून वेगळा केला आणि काचेच्या बाटल्यांत वाढवते आहे. चोवीस तास बल्ब लागतो त्यांना. आधी पाणी नितळ असतं, मग गुलाबी, आणि आठवड्याभरात ओल्या विटेसारखं. पहिल्या खेपेला मी साध्या पाण्यात धुतलं आणि सगळं फुकट गेलं. या जीवाचा जुडगा मीठ काढलं की सुटा होतो. मीठ ठेवलं की शाबूत.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, कारण इथं सांगायला कुणी नाही. पेशीला पातळ पडदा असतो. हा जुडगा त्या पडद्यात आरपार रुतून बसलेला असतो. तीन प्रथिनं एकमेकांना धरून, आणि त्यांच्या आत रंगाचे रेणू जागच्या जागी बसवलेले. पडद्याच्या एका अंगाला रंगाची एक जोडी. तिला ऊन लागलं की तिच्यातला एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि आतल्या रेणूंवरून, ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसा, पलीकडच्या अंगाला पोचतो. पापणी लवायलाही त्याच्या कोट्यवधी पट वेळ लागत असेल. पलीकडे एक छोटा रेणू थांबलेला असतो. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो होडीसारखा सुटतो आणि शेजारच्या दुसऱ्या जुडग्यापाशी त्यांना उतरवतो. तिथून एक लहानसं प्रथिन त्यांना परत पहिल्या जोडीपाशी आणून सोडतं. निघाला तिथंच परत. पण या फेरीत पडद्याच्या एका बाजूला भार चढतो, आपल्या बांधाला भरतीचं पाणी चढतं तसा. तो उतरताना जो जोर मिळतो त्यावर तो जीव जगतो.

आणि गंमत म्हणजे दगडांच्या वाटा दोन आहेत. डावी आणि उजवी, आरशात बघावं तशा. तरी इलेक्ट्रॉन एकाच वाटेनं जातो. दुसरीनं जवळजवळ कधीच नाही.

एक विचारायचं राहिलं. हे जीव वाहत्या पाण्यात टिकत नाहीत. पाणी कोंडलेलं लागतं, हवा न खेळणारं, खाली सडणारं. म्हणजे कोंडी भरती-ओहोटीपासून तोडलेली असणार. उघाडी कुणी बंद ठेवली आहे? मिठागर तर कधीच बंद झालं.

बाटल्यांच्या खोलीत मी बराच वेळ असते. उबदार असतं. कधी कधी कुणी मागून येऊन उभं राहिल्यासारखं होतं आणि मी वळत नाही. वळले तर कुणी नसेल, म्हणून.

सुमे

*

कोपरी,
१२ एप्रिल १९८७

चि. सुमेस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळं कळलं असं नाही. पण एक विचारते. इलेक्ट्रॉन जर एकाच वाटेनं जातो, तर दुसरी ठेवली कशाला? कुणाच्या सोयीसाठी?

उघाडी बाबाच बंद ठेवतात. दरवर्षी पाऊस सरला की फळीच्या फटींत चिकणमाती भरतात. कुणाला हात लावू देत नाहीत. भरती मोठी असली की बांधाखालून पाणी आत झिरपतं, पण बाहेर जायला वाट नाही. पावसात रंग जातो आणि दिवाळी झाली की परत येतो. आई कार्तिकातच गेली ना, म्हणून लोक म्हणतात, ती येते.

आता तुला खरं सांगते, मागच्या पत्रात सांगितलं नाही. बाबा रोज बांधावर जाऊन बसतात. बोलतात. भाव काय झाले, कोण मेलं, जावई महिपतनं नवीन सायकल घेतली, सुमी बंगळूरला शिकते. मी एकदा मागं, बांधाखाली उभी राहून ऐकलं. मधे थांबत होते, पलीकडून कुणी उत्तर देतंय तसे.

यांना एका बिल्डरचा माणूस भेटतोय. कोंडीसकट सगळ्या पट्टीत भराव घालून बिल्डिंगी होणार म्हणतो. हे बाबांपुढे विषय काढत नाहीत, पण माझ्यापुढे रोज काढतात.

ताई

*

बंगळूर,
१० मे १९८७

प्रिय ताई,

हे पत्र तीन वेळा फाडून परत लिहिते आहे.

माणूस पाण्यात हरवलं तर काय करतात? पाणी सोडून देतात. उघाडी काढायची, एका ओहोटीत कोंडी रिकामी होते, तळ दिसतो. मिठागरावर जन्म गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. बाबांनी उलट केलं. पाणी कोंडून ठेवलं, आणि तेवीस वर्षं कोंडून ठेवलंय. माती लावतात, कुणाला हात लावू देत नाहीत. ताई, ज्याला शोधायचं असतं तो असं करत नाही. ज्याला कुणाला सापडू द्यायचं नसतं तो असं करतो.

त्यांचं आणि आईचं भांडण झालं होतं का? घरात कुणी कधी तिचं नाव काढत नाही ते का? मला मोठी होईपर्यंत आत्याकडे नौपाड्यात का ठेवलं? तू तिथं होतीस. तू नऊ वर्षांची होतीस, तुला आठवत असणार.

मी रोज त्या पाण्यात हात घालून बसते. मला कळायला हवं, हे कसलं पाणी आहे.

सुमती

*

बंगळूर,
१९ ऑगस्ट १९८७

प्रिय ताई,

तीन महिने झाले, तुझं काही नाही. जूनमध्ये आणि जुलैमध्ये लिहिलेली पत्रं पोचली असतील. भावजींच्या कारखान्यात फोन केला होता, त्यांनी सगळे बरे आहेत म्हणून ठेवून दिला.

मी लिहिलं ते चुकीचं असेल तर तसं सांग. शिव्या दे. पण लिही.

सुमे

*

कोपरी,
१४ ऑक्टोबर १९८७

सुमे,

तुझं मेचं पत्र मी चुलीत घातलं. नंतर मनात आलं, चुलीत घालून ते काय जळणार आहे. तू विचारलंस म्हणून माझ्या डोक्यातही ते बसलं. बाबांना ताट वाढताना मी त्यांच्या हाताकडे बघायला लागले. हे तू माझ्यावर आणलंस. म्हणून लिहिलं नाही.

आता जे झालं ते सांगते. आधी मला आठवतं ते.

अमावास्येची मोठी भरती होती, दुपारची. मिठागराचं काम सुरू व्हायचं म्हणून कोंडी भरून घेतलेली. बाबा पलीकडच्या आगरात होते. पाणी उतरायला लागलं आणि उघाडीची फळी एका बाजूनं सुटली, भरलेलं पाणी बाहेर धावायला लागलं. आईनं तुला माझ्या कडेवर दिलं. म्हणाली, धर बाय, आली मी. फळी बसवायला उतरली. पाण्यानं तिला फळीकडे ओढलं, इतकंच मी बघितलं. मग ती दिसली नाही. मी बाबांना आणायला धावले. तू कडेवर होतीस, जड होतीस, बांध निसरडा. मी तुला खाली ठेवलं नाही. तेवढ्या वेळात पाणी वाहतच होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही कारण कुणी विचारलं नाही.

भांडण कसलंच नव्हतं. तुला आत्याकडे ठेवलं कारण तू अंगावरची होतीस, रडायची, आणि बाबांना ते ऐकवेना.

गणपतीनंतर बाबांना ताप आला. मी डोक्यावर पट्ट्या ठेवत होते. म्हटलं, बाबा, तेव्हा तुम्ही कोंडी सोडली का नाही? मला वाटलं उठून मारतील. ते म्हणाले, “मी आलो तवा पानी भायेर चाललं व्हतं. पयली फली बसवली. सोरली असती त ती खारीत गेली असती.” म्हटलं, पण मग नंतर? गाववाल्यांनी दोन दिवस आत उतरून हातांनी शोधलं, सापडली नाही, सगळे म्हणाले सोडा पाणी, तळ बघू. तेव्हा का नाही? कपाळावरची पट्टी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “तल बघितला आनि ती नसली त?”

कळलं का तुला? कोंडी भरलेली आहे तोवर ती आत आहे. सोडली आणि रिकामी निघाली तर ती त्या दिवशीच खाडीत गेली. मग तिला कुठं बघायचं? म्हणून दिवस केले नाहीत. भटजी म्हणाले, शरीर नसेल तर दर्भाचा पुतळा करून करतात. बाबांनी ऐकलं नाही.

ताप उतरल्यावर मला म्हणाले, सुमी त्या पाण्याचं काय करते? भीमाबाईनं सांगितलं असणार. मी तुझं मार्चचं पत्र काढून वाचून दाखवलं. मेचं नाही, ते मरेपर्यंत त्यांना कळणार नाही. रंगाचा जीव, तो उन्हावर जगतो, इलेक्ट्रॉन जातो आणि परत येतो, सगळं ऐकलं. कोंडलेल्या पाण्यातच होतो, वाहत्यात टिकत नाही, ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्हंजे पानी मी कोंडलं म्हनून लाल झालं. ती नाय. मीच.”

त्या दिवसापासून बांधावर गेलेले नाहीत. दारात बसून असतात. मला वाटतं आपण दोघींनी मिळून त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलंय.

ताई

*

बंगळूर,
२५ ऑक्टोबर १९८७

ताई,

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. माझ्या हातून मेचं ते पत्र कसं लिहिलं गेलं मला कळत नाही. बाबांच्या पाया पडते म्हण. का ते सांगू नकोस.

तू मला खाली ठेवलं असतंस तर पाण्यानं नेलं असतं. बांध निसरडा होता असं तूच लिहिलंयस. हे मला आधी माहीत नव्हतं.

तुला एक सांगायचं आहे, बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तो जुडगा बघायचा तर जीव मारावा लागतो. आवाजाच्या कंपनांनी पेशी फोडतात, पडदे वेगळे करतात, साबणासारख्या द्रव्यानं त्यातून जुडगे सोडवतात. मी हे आठवड्यातून दोनदा करते. मार्चपासून. फोडताना डबा बर्फात ठेवलेला असतो आणि कानाला कापूस लावावा लागतो. सुरुवातीला काही वाटलं नाही. तू कोमट पाण्याचं लिहिलं होतंस ते आठवलं की हल्ली हात थांबतो. पण करते. परवा पहिल्यांदा जुडगा शुद्ध मिळाला. फिक्या लाल रंगाचा, बोटभर नळीत. प्रकाशाचा झोत टाकला की त्याचा रंग क्षणभर मावळतो, कारण इलेक्ट्रॉन गेलेला असतो, आणि मग परत भरून येतो. कागदावर रेघ खाली जाते आणि वर येते. सर खूश झाले. मी नळी बर्फात ठेवली आणि बाहेर निघून आले.

दुसरी वाट कशाला, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. काहींचं म्हणणं, फार जुन्या काळी दोन्ही चालत्या असतील.

डिसेंबरच्या दहा तारखेला मी येते. तोपर्यंत बाबांना एकटं सोडू नकोस. आणि भावजींना म्हण, मी येईपर्यंत कोंडीला कुणी हात लावायचा नाही.

सुमे

*

कोपरी,
२९ नोव्हेंबर १९८७

चि. सुमेस,

तू येईपर्यंत थांबायला सांगितलं होतंस. बाबा थांबले नाहीत.

अमावास्येच्या दिवशी दुपारी जेवून उठले आणि म्हणाले, शालू, चल. कुदळ घेतली. हे घरी होते, तेही आले. बांधावर पोचलो तेव्हा भरती उतरायला लागलेली. बाबांनी स्वतःच फटीतली माती काढली. इतक्या वर्षांची, दगड झालेली. हे मदतीला गेले तर यांना हातानं बाजूला केलं. फळी कुजलेली होती, अर्धी तुटूनच आली.

पाणी आधी निघेना. मग एकदम निघालं. सुमे, एवढं लाल असेल असं मला वाटलं नव्हतं. कोंडीत काळपट दिसायचं, पण नाल्यातून पातळ होऊन खाडीत शिरलं तेव्हा उन्हात ते कसं दिसलं ते मी तुला लिहिणार नाही. खाडीवर जाळी झाडणारी कोळीण उभी राहून बघत होती. भीमाबाई आली, तिनं कुणाला बोलू दिलं नाही.

ऊन कलतं झालं तेव्हा तळ दिसायला लागला. बाबा आत उतरले. गुडघ्याएवढ्या चिखलात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, पायानं चाचपत. मी नाही म्हटलं नाही. हे नाही म्हणायला लागले तर मी यांना गप्प बसवलं. उघाडीपासल्या खोल जागेत बाबा छातीएवढ्या गाळात गेले, वाकून हातानं बघितलं. सगळीकडे बघितलं.

काही नाही. शिंपले निघाले आणि फळीचा एक लोखंडी पट्टा. बस.

वर आले, यांनी हात दिला. भीमाबाईनं घागरभर पाणी पायांवर ओतलं. बाबा रडले नाहीत. खाडीकडे बघून म्हणाले, “ती त्याच दिवशी गेली व्हती.” आणि मग मला म्हणाले, दिवस करून टाकू.

केले. खाडीच्या काठी, दर्भाचा पुतळा करून. कावळा लगेच शिवला. तू नव्हतीस याचं मला वाईट वाटलं, पण आता काही बोलून उपयोग नाही. बाबांनी घर शेजारच्या पोरांकडून पांढरं करून घेतलंय. जेवतात. पडले की झोपतात, घोरतात. तेवीस वर्षांत मी त्यांचं घोरणं ऐकलं नव्हतं. भरावाच्या कागदावर यांनी सही मागितली तर देऊन टाकली.

माझं मात्र वेगळं झालंय, ते तुलाच सांगते. ती कोंडीत होती तोवर मला ठाऊक होतं, कुठं जायचं नाही. तिकडे पाठ केली की झालं. आता ती कुठंही असू शकते. पुलावरून उतरताना, रेशनच्या रांगेत, कुणी पाठमोरी बाई दिसली, लुगडं तशा पद्धतीचं, की माझे पाय थांबतात. भीती नाही वाटत. पण थांबतात.

काल नौपाड्यात भाजी घेत होते. पुढं एक बाई वांगी निवडत होती. मान तशीच, अंबाडा तसाच, कडेवर पोरगी. मी हाक मारणार होते. तोंडात शब्द आलेला. मग लक्षात आलं, आई गेली तेव्हा सत्तावीसची होती. मी बत्तीसची आहे.

तिनं वळून बघितलं. कुणी दुसरीच होती. मला म्हणाली, “काय हो ताई, काही हवंय का?” आणि मला जागा द्यायला पोरीला घेऊन बाजूला सरकली.

तू ये लवकर.

तुझी,
शालू